मे महिन्यातल्या उघड्या मांडवासाठी तीन मजली केक : कामाच्या नोंदी

३ मार्च, रविवार

भाचीचे लग्न ४ मे रोजी, शनिवारी ठरले आहे. मिस्सा, म्हणजे चर्चमधला लग्नविधी, दुपारी साडेचारला आणि रिसेप्शन संध्याकाळी साडेसातला, वसईच्या पश्चिम भागात नवऱ्या मुलाच्या घरामागच्या वाडीत, उघड्यावर होईल. केक मी करावा असा तिचा हट्ट आहे. नऊ वर्षे मी घरून केक करून देते आणि लग्नाचेही पुष्कळ केले आहेत, परंतु ते जवळजवळ सगळे डिसेंबर-जानेवारीतले होते, कारण आमच्याकडे लग्नांचा मोठा हंगाम तोच असतो. ईस्टरनंतरच्या लग्नांना आजवर मी नकार देत आले. या वेळी नकार देता येत नाही, म्हणून प्रत्येक टप्पा तारखेनिशी लिहून ठेवत आहे; उन्हाळ्यात हे काम अंगावर घेणाऱ्या दुसऱ्या कोणाला निदान माझ्या चुका पुन्हा कराव्या लागू नयेत.

गरज अशी आहे : १२, ९ आणि ६ इंचांचे तीन मजले. केक किमान दोन तास मांडवात उभा राहिला पाहिजे आणि कापल्यानंतर १२० घरांना घरटी एक डबी, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम केक, देता आला पाहिजे. भाचीने पाठवलेल्या फोटोत पांढऱ्या बटरक्रीमचा, वर स्ट्रॉबेरी रचलेला केक आहे. आज ४५० रुपयांचे तापमान व आर्द्रता दाखवणारे यंत्र आणले. संध्याकाळी सहाला ओटीवर ३० अंश आणि ६२ टक्के अशी नोंद मिळाली. मे महिन्यात यात दोन-तीन अंशांची भर पडेल असे धरून चालते.

१० मार्च, रविवार

ओटीवर, सावलीत, चार ताटल्या मांडून चाचणी घेतली. पहिल्या ताटलीत २०० ग्रॅम बिनमिठाचे बटर व ४०० ग्रॅम आयसिंग शुगर यांचे साधे बटरक्रीम होते. चाळीस मिनिटांत फुलांच्या पाकळ्यांच्या कडा गोल झाल्या आणि सव्वा तासाने फूल कलंडले. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, पण आकार धरून ठेवण्याची ताकद ते त्याच्या बरेच आधी सोडते, हे ताटलीकडे पाहूनच कळते.

दुसऱ्या ताटलीत निम्मे बटर आणि निम्मे शॉर्टनिंग (डालड्यासारखे घट्ट वनस्पती तूप) होते. तिसऱ्या तासालाही फूल तसेच उभे होते, परंतु खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसतो आणि तो गरम चहा घेतल्याशिवाय सुटत नाही. घरच्या लग्नात पाहुण्यांना हे द्यायला माझे मन तयार नाही. तिसऱ्या ताटलीतले बाजारी बिनदुधाचे क्रीम तासाभरात जाळीदार झाले आणि त्याखाली पाणी सुटले. चौथ्या ताटलीतल्या स्ट्रॉबेरीचा रस उतरून पांढऱ्यावर गुलाबी ओघळ आले, त्यामुळे ताज्या फळांचा विचार इथेच संपला.

१४ मार्च, गुरुवार

इटालियन मेरिंग बटरक्रीम गरमीत इतरांपेक्षा चांगले टिकते, म्हणून तेही करून पाहिले. पाक ११८ अंशांवर आणून अंड्यांच्या फेटलेल्या पांढऱ्या भागात धारेने सोडला, इथपर्यंत सगळे नीट झाले. स्वयंपाकघर ३१ अंशांवर असताना बटर घातल्याबरोबर भांड्यात पातळ सूप झाले. भांडे बर्फाच्या पाण्यात सात मिनिटे ठेवून पुन्हा फेटल्यावर ते जमले. ओटीवर ते दीड तास टिकले आणि नंतर सुरीच्या पात्याला चिकटू लागले. मला दोन तास हवे आहेत आणि वर उशिराची सोय हवी आहे, कारण रिसेप्शन वेळेवर सुरू झालेले मी क्वचितच पाहिले आहे.

१७ मार्च, रविवार

भाचीला बोलावून पाचही ताटल्यांचा खेळ तिच्यासमोर पुन्हा मांडला. फोनवर तासभर सांगून जे पटले नसते ते पाऊण तासात पटले. ठरले ते असे : खालचे दोन मजले आपल्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे रममध्ये मुरवलेल्या सुक्यामेव्याचा केक, त्यावर काजूचे मार्झिपान (काजूपूड व साखरेच्या गोळ्याचा थर) आणि त्यावर रॉयल आयसिंग (सुकून कडक होणारे साखरेचे आयसिंग). वरचा ६ इंचांचा मजला तिच्या आग्रहाखातर चॉकलेटचा, घट्ट गनाश (चॉकलेट व क्रीमचे मिश्रण) आणि फोंडंट (साखरेचा लाटलेला मऊ थर) लावून. फळांऐवजी मोगरा. खालच्या दोन मजल्यांना फ्रिजची गरजच नाही, आणि या सगळ्या प्रकरणाची किल्ली माझ्या मते तिथेच आहे. जो केक फ्रिजशिवाय जगत नाही त्याला मांडवात जगवण्यासाठी धडपडण्यापेक्षा, ज्याला फ्रिज लागतच नाही असा केक निवडावा.

त्याच रात्री ३ किलो ६०० ग्रॅम सुका मेवा चिरून बरण्यांत भरला : काळे मनुके, बेदाणे, खजूर, चेरी, पाकवलेली संत्र्याची साल आणि आपल्या वसईची सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेल्या सुकेळीचा मधासारखा वास या केकला शोभेल असे वाटले. ती सुरीने चिरताना पात्याला गच्च चिकटतात. कात्रीला तुपाचे बोट लावून कापली की काम सोपे होते.

१ एप्रिल, सोमवार

दोन गोष्टी बिघडल्या. पहिली सुकेळीची. रममध्ये राहून तिचा लगदा झाला आणि तो लगदा बाकीच्या मेव्यावर बसला. २३ मार्चला भाजलेल्या ५ इंचांच्या चाचणी केकमध्ये त्यामुळे ओलसर, कच्च्या वाटणाऱ्या गाठी आल्या. यापुढे सुकेळी मुरवायची नाही, भाजण्याच्या दिवशी मैद्यात घोळवून कोरडीच घालायची. लगदा झालेली जमेल तेवढी चाळणीवर काढली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याच केकला मार्झिपान व पांढरे आयसिंग लावून चार दिवस ठेवले होते, तर आज एका बाजूला रुपयाएवढा तपकिरी डाग उमटला. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. मार्झिपान लावण्याच्या आदल्या दिवशीच मी केकला रम पाजली होती, मार्झिपान जेमतेम ३ मिलिमीटर जाड होते आणि ते सुकू न देता आयसिंग चढवले होते. आता रम मार्झिपानच्या किमान पाच दिवस आधी बंद, जाडी ६ मिलिमीटर, आणि मार्झिपानला सुकायला पूर्ण तीन दिवस.

६ एप्रिल, शनिवार

आजचा दिवस वाया गेला. माझ्या ओटीजीची, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीची, आतली रुंदी १३ इंच आहे आणि १२ इंचांचे भांडे आत ठेवल्यावर दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा इंच उरतो. तरीही मी नेहमीप्रमाणे १६० अंशांवर भाजायला घेतले. तीन तासांनी कडा कोळशासारख्या काळ्या आणि मध्यभाग कच्चा होता. कडा कापून काही वाचते का ते पाहिले, पण कडवटपणा आतपर्यंत उतरला होता. मेवा, बटर आणि अंडी मिळून चौदाशे रुपयांचे साहित्य गेले आणि मुरवलेल्या मेव्यापैकी दोन तृतीयांश संपला.

नव्याने तीन आठवडे मुरवायला वेळ उरलेला नाही. त्यामुळे २ किलो ४०० ग्रॅम मेवा रम आणि संत्र्याच्या रसात मंद आचेवर दहा मिनिटे गरम करून झाकून ठेवला. गरम केल्याने मनुके लवकर फुगतात. तीन दिवसांत काम भागावे.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

सुट्टी असल्याने पहाटेच सुरुवात केली. भांड्याला आतून तपकिरी कागदाचे दोन थर लावले, बाहेरून वर्तमानपत्राच्या चार पदरी पट्ट्या सुतळीने बांधल्या आणि तापमान १४० अंशांवर ठेवले. मैदा ७५० ग्रॅम, बटर ७५० ग्रॅम, साखर ७०० ग्रॅम (त्यातली १०० ग्रॅम जाळून रंगासाठी) आणि अंडी १३. सुकेळी कोरडी घातली.

तिसऱ्या तासाला वीज गेली ती पन्नास मिनिटांनी आली. या काळात मी दार एकदाही उघडले नाही, आणि केक वाचला तो त्यामुळेच असे मला वाटते. स्पंज असता तर मध्ये बसला असता. मेव्याचा जड केक तोपर्यंत बराच घट्ट झाला होता आणि भांडे, कागद व खुद्द केक यांची साठलेली उष्णता आत काम करत राहिली. वीज आल्यावर पुन्हा दोन तास भाजला. सळई मध्यभागी स्वच्छ निघाली. ९ इंचांचा मजला उद्या भाजायचा, त्याला सव्वातीन तास पुरावेत.

१६ एप्रिल, मंगळवार

आज मुंबईत सांताक्रूझला पारा ३९ अंशांच्या पुढे गेला. आमच्या स्वयंपाकघरात दुपारी तीनला ३६ अंश होते आणि नेमके आजच मी मार्झिपानसाठी काजू दळायला घेतले. मिक्सर सलग दोन मिनिटे फिरवल्यावर भांडे हाताला चटका देत होते आणि आत पिठाऐवजी तेल सुटलेला गोळा होता. ४०० ग्रॅम काजू असे गेले. त्याची घरी चटणी झाली, पण लग्नाच्या कामाला ते निरुपयोगी.

रात्री दहानंतर पुन्हा बसले. काजू दोन तास फ्रिजमध्ये ठेवले, एका वेळी २०० ग्रॅम घेऊन त्यात दोन चमचे आयसिंग शुगर मिसळली आणि बटण दाबून लगेच सोडायचे, असे आठ-दहा वेळा केले. पीठ कोरडे व मोकळे निघाले. नंतर साखरेच्या पाकात ते घोटून, गोळा कढईच्या कडा सोडू लागेपर्यंत ढवळले आणि शेवटी गुलाबपाणी घातले. अंड्याचा कच्चा पांढरा भाग घालून मळण्यापेक्षा उन्हाळ्यात मला शिजवलेले मार्झिपान अधिक विश्वासाचे वाटते.

२४ एप्रिल, बुधवार

रम १९ तारखेला शेवटची दिली होती. आज जॅम गरम करून, गाळून दोन्ही केकना लावले आणि त्यावर मार्झिपान चढवले. पंख्याखाली ते सुकेल ही कल्पना चुकीची आहे; ७० टक्के दमट हवा कितीही जोरात फिरवली तरी संध्याकाळी बोट लावल्यावर ते चिकटतच होते. झोपायच्या खोलीत टेबल हलवून एसी ड्राय मोडवर लावला तेव्हा आर्द्रता ५२ टक्क्यांवर आली. पुढचे दहा दिवस ती खोली केकची.

२७ एप्रिल, शनिवार

रॉयल आयसिंगचा पहिला हात दिला आणि रात्री सगळा खरवडून काढला. कापताना आयसिंगचे तुकडे उडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. मी एक किलो साखरेला दोन छोट्या चमच्यांऐवजी दोन मोठे चमचे घातले. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे आठ तासांनीही नखाची खूण उमटत होती. आमच्या किनाऱ्यावरच्या हवेत या चुकीला क्षमा नाही. पाच तास गेले. खरवडताना मार्झिपानला दोन ठिकाणी खड्डे पडले, ते उरलेल्या गोळ्याने बुजवले.

२९ एप्रिल, सोमवार

कच्च्या अंड्याऐवजी मेरिंग पावडर (अंड्याच्या पांढऱ्या भागाची वाळवलेली पूड) वापरली, आयसिंग शुगर मलमलच्या कापडातून गाळली, आणि भांडे व फेटणी व्हिनेगरने पुसून घेतली, कारण प्लॅस्टिकच्या भांड्याला चिकटून राहिलेला बटरचा अंशसुद्धा आयसिंगला उभे राहू देत नाही. पहिल्या हातात ग्लिसरीन अजिबात नाही, वरच्या दोन हातांत अर्धा किलोला एक छोटा चमचा. पिवळसर झाक जावी म्हणून टाचणीच्या टोकाएवढा जांभळा रंग घातला. आज सकाळी पहिला हात टणटणीत वाजत होता. असे तीन हात होतील.

१ मे, बुधवार

चॉकलेटचा मजला. ६०० ग्रॅम डार्क चॉकलेटला २०० ग्रॅम क्रीम घेऊन गनाश केले. थंडीत मी क्रीम याच्या दीडपट घेते. त्याचा घट्ट सरळ हात दिला आणि रात्री फोंडंट चढवले. कडा धारदार राहाव्यात म्हणून वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवण्याची माझी नेहमीची सवय आहे. बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत फोंडंटवर घाम आला, आधी धुरकट, मग बारीक थेंब, आणि एका थेंबाने खाली ओघळत जाऊन नखाएवढी चमकदार रेघ सोडली. एसीच्या खोलीत तो सुकला, पण ती रेघ राहिली. तिथे मोगरा येईल.

यावरून मोठ्या दिवसाचे गणित मांडले. मांडवात ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता धरली तर दवबिंदू साधारण साडेपंचवीस अंशांवर येतो. त्याहून थंड असलेली कोणतीही वस्तू त्या हवेत नेली की तिच्यावर पाणी साचणार. म्हणजे फ्रिजच नव्हे, २३-२४ अंशांच्या एसी खोलीतून थेट मांडवात नेलेला केकही घामेजेल. आजवर मी कडक एसी म्हणजे सुरक्षितता असे धरून चालत होते. शनिवारी सकाळपासून एसी २७ वर आणि निघण्याआधी दोन तास २८ वर ठेवायचा, डबे बंदच ठेवायचे आणि मांडवात पोचल्यावर वीस मिनिटे उघडायचे नाहीत.

२ मे, गुरुवार

जागा पाहून आले, आणि ती पाहिल्याशिवाय कोणीही असे काम घेऊ नये. केकचे टेबल स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात मांडले होते आणि त्याच्यापासून चार फुटांवर दोन मोठे हॅलोजन होते. दिवे लावून यंत्र टेबलावर ठेवले तेव्हा दहा मिनिटांत ४१ अंश दिसले, त्याच वेळी वाडीत इतरत्र ३२ होते. मांडववाल्यांना यंत्र दाखवून विनंती केल्यावर त्यांनी त्या बाजूला एलईडी लावण्याचे कबूल केले. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली लाकडाची चकती ठोकून घेतली.

वाडीत मुंग्या भरपूर आहेत. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करायचे, झालर वाट्यांच्या वर दोन बोटे थांबवायची, जमिनीला टेकू द्यायची नाही. झालर टेकली की वाट्यांचा उपयोग शून्य.

फुलांचेही आज ठरवले. सोनचाफा फार सुंदर दिसतो, पण चाचणीत तीन तासांत पाकळ्यांच्या कडा काळवंडल्या. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी उमलतात, म्हणजे वेळही जुळते. बाजारची फवारलेली फुले खाण्याच्या वस्तूवर नकोत, म्हणून बहिणीच्या अंगणातल्या दोन झाडांवरच विसंबायचे आणि देठ कागदात गुंडाळूनच टेकवायचे. कण्हेर विषारी आहे आणि खुरचाफ्याला चीक असतो. ती दोन्ही केकच्या जवळही नकोत.

३ मे, शुक्रवार

९ इंचांचा मजला उचलताना आयसिंगला खालून वर बोटभर लांबीची भेग गेली. खालचा एमडीएफ बोर्ड ३ मिलिमीटरचा होता आणि पावणेतीन किलोच्या केकखाली तो वाकला. क्रीमचा केक एवढे वाकणे सहन करतो, रॉयल आयसिंग करत नाही. त्याखाली ६ मिलिमीटरचा बोर्ड चिकटवला, भेग ताज्या आयसिंगने भरली आणि सुकल्यावर अगदी बारीक कागदाने घासली. आधाराच्या लाकडी दांड्या सर्वांत खालच्या मजल्यात सहा आणि मधल्यात चार, आयसिंगच्या पातळीशी काटेकोर कापून बसवल्या.

४ मे, शनिवार

मिस्सेला मी जेमतेम पोचले. तिथून परत येऊन सव्वासहाला तीन स्वतंत्र डब्यांत मजले गाडीत ठेवले, डब्यांखाली रबरी जाळीची चटई आणि गाडीचा एसी बंद. चार किलोमीटरला पंचवीस मिनिटे लागली. मांडवात ३२ अंश, ७१ टक्के. डबे वीस मिनिटे बंद ठेवून मग उघडले तेव्हा आयसिंगला हात लावला, कोरडे होते. रचायला पस्तीस मिनिटे गेली. कळ्या केळीच्या पानात, ओल्या कापडासह आणल्या होत्या, त्या लावल्या.

केक आठला कापायचा होता. फोटो लांबल्याने नवरा-नवरी पावणेनऊला मांडवात आली. मधल्या वेळात दोन गोष्टी घडल्या. वरच्या मजल्याच्या तळाशी फोंडंटला किंचित फुगीर वळ आला, कारण आतले गनाश मऊ होऊन खाली बसत होते. तिथे कळ्यांचा आणखी एक वळसा घातला.

दुसरी गोष्ट मी स्वप्नातही धरली नव्हती. पाहुण्यांना गार वाटावे म्हणून पाण्याचा फवारा उडवणारे पंखे आणले होते आणि त्यातला एक फिरता फिरता केककडे वळत होता. मी मागच्या बाजूने गेले तेव्हा मधल्या मजल्याच्या पाठीवर सुईने टोचल्यासारखी बारीक भोके दिसली, प्रत्येकाच्या तळाशी पाण्याचा ठिपका. साखरेवर पाणी पडले की ती विरघळणारच. पंखा तत्काळ बंद करवून घेतला आणि कोरड्या मलमलने फक्त टिपले, पुसले नाही. समोरून काही दिसत नव्हते.

कापण्यासाठी तळाच्या मजल्यात आधीच करवती सुरीने एक फाक मोकळी करून रिबनखाली झाकली होती. नव्या जोडप्याला सगळ्यांसमोर कडक आयसिंगशी झगडावे लागू नये म्हणून हे जरूर करावे. सुरी सहज आत गेली.

५ मे, रविवार

सकाळी डब्या भरल्या. तळाचा आणि मधला मजला मिळून ११४ डब्या झाल्या, सहा कमी पडल्या. त्यांत चॉकलेटचे तुकडे दिले. वीज गेली होती त्या केकचा मध्यभाग थोडा दाट लागतो, पण कच्चा कुठेही नाही, आणि सुकेळी वेगळी ओळखू येते.

हिशेब असा : साहित्य ६,८५० रुपये, बोर्ड, दांड्या व डब्या १,९००, यंत्र ४५०, आणि चाचण्या व वाया गेलेला माल ३,२००, एकूण १२,४०० रुपये. कामाचे तास ७१, त्यांतले सुमारे १९ दुरुस्तीचे. एसीची वीज यात धरलेली नाही.

पुढच्या उन्हाळी केकला वरचा मजलाही मेव्याचाच करीन आणि ज्यांना चॉकलेट हवे त्यांच्यासाठी वेगळा केक आत, घरात ठेवीन. मांडववाल्यांना दिव्यांबरोबर पंख्यांविषयीही आधीच विचारीन. मधल्या मजल्याचा एक चतकोर भाचीच्या सांगण्यावरून रमचे कापड गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे. तो तिच्या लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला उघडायचा.